तोटी कुणाच्या हातात?

आमच्या सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात पाण्याचं एक मशीन बसलं. क्लबहाउसच्या बाहेर, स्टीलचं, दिसायला एटीएमसारखं. कार्ड टेकवलं की गार, गाळलेलं पाणी येतं. कुणी किती पाणी घेतलं हे ॲपवर दिसतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले, मीही काढला.

मे महिन्यात एका दुपारी गेटवरचे वॉचमन काका बागेच्या नळावर बाटली भरताना दिसले. त्या नळाला बोअरचं पाणी येतं. ते झाडांसाठी असतं, आम्ही कुणी पीत नाही. मी विचारलं, ‘‘काका, मशीनचं का नाही घेत?’’ ते म्हणाले, ‘‘आमचं कार्ड नाही ना निघत.’’

मी सेक्रेटरींकडे गेलो. भला माणूस आहे. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, ‘‘अहो, कुणाचीच ना नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये दोनच प्रकार आहेत, मालक आणि भाडेकरू. कंपनीने तिसरा प्रकार दिलेलाच नाही.’’

म्हणजे काकांना पाणी नाकारणारा कुणी माणूस नव्हता. कुणी ठराव केला नव्हता, कुणी पाटी लावली नव्हती. मशीन बनवताना काका कुणाच्या डोळ्यांसमोर आले नव्हते, एवढंच. हे मला ठराव करून नाकारण्यापेक्षा जास्त विचित्र वाटलं, कारण भांडायचं कुणाशी तेच कळेना. त्या चिडचिडीतून मी पुण्याच्या पाण्याचा इतिहास वाचायला घेतला. मला वाटलं होतं धरणं आणि पाइपलाइन यांची गोष्ट असेल. तीही आहे, पण गोष्ट खरी अडते ती शेवटच्या दोन हातांवर, पाणी भांड्यात पडतं तिथे.

*

पुण्यात पत्ता सांगताना आजही लोक हौद सांगतात. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव पेठ हौद. बहुतेक ठिकाणी आता भरायला पाणी नाही, कुठे तर हौदही नाही, नाव तेवढं रिक्षावाल्यांच्या तोंडी उरलं आहे. ही नावं एका मोठ्या यंत्रणेची टोकं आहेत. त्या यंत्रणेचं दुसरं टोक कात्रजला आहे.

नानासाहेब पेशवे १७४० ते १७६१ गादीवर होते. त्यांच्या काळात पुणं भराभर वाढत होतं. मुठेचं आणि विहिरींचं पाणी वाढत्या पेठांना पुरेना. तेव्हा १७५० च्या आसपास कात्रजच्या डोंगराखाली आंबिल ओढा अडवून वरचा आणि खालचा असे दोन तलाव करण्यात आले आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला गेला. याला ‘नळ’ म्हणतात म्हणून आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. प्रत्यक्षात हे दगड-चुन्याचं भुयार आहे, माणूस आत शिरून चालू शकेल एवढं.

यात पंप नाही. पाणी फक्त उतारावरून येतं. हे ऐकायला सोपं आहे, करायला अजिबात नाही. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने येऊन बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो आणि वाट बुजते. काही मैलांच्या अंतरात चढउतार, ओढे, खडक हे सगळं सांभाळत पाणी सतत एकाच बेताने खाली सरकत राहिलं पाहिजे. वाटेत ठरावीक अंतरावर वर उघडणारे उभे झरोके बांधले होते. त्यांना उच्छ्वास म्हणत. त्यातून हवा खेळायची आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकायचा. म्हणजे बांधतानाच दुरुस्तीचा विचार केला होता. आपल्याकडे नवीन रस्ता झाला की पंधरा दिवसांत केबलसाठी पुन्हा खोदतात, ते आठवून मला या उच्छ्वासांबद्दल फार आदर वाटतो.

अशी यंत्रणा महाराष्ट्रात पहिलीच होती असं नाही. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच जमिनीखालून नहर आणली होती. पुण्यातही कात्रजनंतर आणखी नळ आले. नाना फडणवीसांनी आंबेगावहून पाणी आणून सदाशिव पेठेच्या हौदात सोडलं. रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेसाठी आणलं. श्रीमंत वाड्यांमध्ये खासगी हौद असत आणि रस्त्यावर सार्वजनिक. शनिवारवाड्यात याच पाण्यावर हजारी कारंजं उडायचं.

आता हौद कसा वापरतात ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. हौद म्हणजे पाण्याची मोठी बांधीव टाकी, वरून किंवा बाजूने उघडी. बाई येते, कळशी बुडवते, डोक्यावर घेते आणि जाते. मग दुसरी बाई येऊन त्याच पाण्यात आपली कळशी बुडवते. सगळ्यांची भांडी एकाच पाण्याला लागतात. पाणी सगळ्यांचं एकत्र आहे, त्यामुळे ज्याचा स्पर्श चालत नाही त्याला तिथे जागाच नाही. महार-मांगांनी हौदाच्या काठाशी यायचं नाही. लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून त्यांच्या भांड्यात पाणी ओतेल. नाही आली तर नदी आहेच.

कात्रजच्या डोंगरातून इतक्या अक्कलहुशारीने आणलेलं पाणी शहराच्या मध्यात येऊन काही लोकांपासून चार हातांवर थांबत होतं. ज्यांनी तो नळ आखला त्यांना मी यासाठी वेगळा दोष देत नाही. अठराव्या शतकातल्या कारागिराला ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण कोण येतं हा प्रश्नच पडला नसणार. पण आपण जेव्हा या नळाचं कौतुक करतो आणि ‘तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे काय टेक्नॉलॉजी होती बघा’ असे मेसेज फॉरवर्ड करतो, तेव्हा ते चार हात त्या मेसेजमध्ये कधी नसतात.

*

१८६८ मध्ये गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

हे वाक्य आपण शाळेत इतक्यांदा वाचलेलं असतं की ते सनावळीच्या यादीत जाऊन बसतं. १८४८ मुलींची शाळा, १८६८ हौद, १८७३ सत्यशोधक समाज. जरा थांबून त्या कृतीकडे बघायला हवं. फुल्यांनी नवीन विहीर खणून ती ‘त्यांच्यासाठी’ वेगळी राखली नाही. असं करणारे दानशूर पुष्कळ झाले. वेगळी विहीर दिली की पुण्यही मिळतं आणि आपलं पाणी जसंच्या तसं राहतं. फुल्यांनी जिथे स्वतः पाणी भरायचे तोच हौद उघडला. म्हणजे त्यांच्या घरच्या कळशीला आता ते पाणी लागणार होतं, ज्याला महाराची, मांगाची कळशी लागली आहे. जुन्या हिशेबाने त्यांचं घर त्या दिवशी बाटलं. ते त्यांनी जाणूनबुजून होऊ दिलं.

यात तंत्रज्ञान काहीच बदललं नाही हे लक्षात घ्या. दगड तेच, पाणी तेच. बदलला तो वापरायचा नियम. आणि तो बदलायला घराचा मालक असणं पुरेसं होतं, कारण हौद त्यांचा होता. पेठेतल्या सार्वजनिक हौदांबाबत त्यांच्या हाती असं काही नव्हतं. विचित्र गोष्ट अशी की गंज पेठेतला सगळ्यात सार्वजनिक हौद एका खासगी घरातला होता.

आणखी एका हौदाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले नामांकित शस्त्रवैद्य होते. घोले रोड त्यांच्याच नावाचा. त्यांची मुलगी काशीबाई लहान वयातच गेली. मुलीला शिकवतात म्हणून चिडलेल्या कुणीतरी तिला लाडवातून काच खायला घातली, असं पुण्यात सांगितलं जातं. तिच्या आठवणीसाठी घोल्यांनी १८८० च्या सुमारास फरासखान्याजवळ हौद बांधला, त्यावर लहान मुलीचा पुतळा बसवला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले. मेलेल्या लेकीचं स्मारक म्हणून बाप देऊळ बांधू शकला असता, धर्मशाळा बांधू शकला असता. त्याने पाणी दिलं, आणि तेही भर वस्तीत, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल की इथे कोण पाणी भरतंय. मी फरासखान्यावरून शेकडो वेळा गेलोय. ही गोष्ट मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हती.

*

याच काळात पुण्याच्या पाण्याची यंत्रणा मुळापासून बदलत होती. इंग्रज इंजिनिअर फाइफ याच्या योजनेतून खडकवासल्याला मुठेवर दगडी धरण उभं राहिलं. १८७० च्या दशकात त्याचं काम झालं. कालवा शहराजवळून गेला आणि हळूहळू शहराला, त्याआधी अर्थातच कॅम्पाला, नव्या पद्धतीचं पाणी मिळू लागलं. धरणामागच्या जलाशयाला लेक फाइफ असं नाव मिळालं. कात्रजचा नळ एकदम बंद पडला नाही, पण शहराचा भार आता खडकवासल्यावर गेला.

फुल्यांना हे सगळं जवळून दिसत होतं. पोटापाण्यासाठी ते ठेकेदारी करायचे. खडकवासल्याच्या धरणाचं काम असो की येरवड्याचा पूल, बांधकाम खात्याशी त्यांचा व्यवहार होता. समाजसुधारक म्हटलं की आपल्याला पुस्तक घेतलेला माणूस दिसतो. हा माणूस दगडाचे भाव आणि मजुरांचे पगार जाणणारा होता. त्यामुळे इंजिनेर खात्यावर त्यांनी जी टीका केली, ‘गुलामगिरी’तही केली, ती ऐकीव नाही. खात्यातले कारकून गरीब मजुराला आणि ठेकेदाराला कसे नाडतात हे त्यांनी पाहिलेलं होतं.

पुढे १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तिथला त्यांचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरत होतं. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला असं म्हणून विरोधात मत देणारे फुले एकटेच होते. नंतर शहरात मोठी दगडी मंडई बांधायचा बेत झाला, तेव्हाही एवढा पैसा इमारतीवर घालायला त्यांचा विरोध होता. मंडई झालीच. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे. (पुण्याला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?)

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘शेतकऱ्याचा असूड’मधलं पाण्याबद्दलचं लिखाण. १८८३ मधलं हे पुस्तक. त्यात फुले धरणांना विरोध करत नाहीत. उलट ते म्हणतात डोंगरउतारावर ताली, बंधारे घाला, पावसाचं पाणी शेतात मुरू द्या. विरोध आहे तो वाटपाच्या पद्धतीला. सरकारने कालवे काढले, त्यावर इंजिनिअर नेमले, पाणपट्टी बसवली, पण शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या बेताने वेळेवर पाणी मिळेल अशी सोयच केली नाही. म्हणून त्यांची सूचना अशी की ज्याला जेवढ्या पाण्याची गरज आहे तेवढं मोजून देणारी तोटी प्रत्येकाला करून द्या. मग कारकुनाची मर्जी लागणार नाही आणि जास्तीचं पाणीही वाया जाणार नाही.

तोटी! कालव्याच्या पाण्याला तोटी लावा म्हणणारा माणूस हा एका अर्थाने डिझाइनर होता. त्याला कळलं होतं की पाणी वाटणाऱ्या अधिकाऱ्याला ‘नीट वाग’ म्हणून सांगण्याचा उपयोग नाही. वस्तूच अशी बनवा की त्याच्या मर्जीला जागाच राहणार नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर ते सिस्टीममध्ये हक्क कोरून ठेवा म्हणत होते.

*

मग शहरात नळ आले आणि एक गंमत झाली. नळाखाली कळशी ठेवली की ती पाण्यात बुडत नाही. पाणी वरून पडतं. प्रत्येकाला आपापली ताजी धार मिळते, आधीच्या माणसाचं भांडं त्या पाण्याला लागलेलंच नसतं. म्हणजे हौदाचा जो अडथळा होता, सामाईक पाण्याला स्पर्श होण्याचा, तो तंत्रज्ञानाने मिटवला होता. जातीच्या नियमाला नळाने कारणच ठेवलं नव्हतं.

मग काय झालं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात त्यांनी बालपणीची आठवण सांगितली आहे. शाळेत नळ होता. इतर मुलांना तहान लागली की ती मास्तरांना विचारून नळावर जायची, तोटी फिरवायची, पाणी प्यायची. भीमरावांना मास्तरांची परवानगी पुरत नसे. ते तोटीला हात लावू शकत नव्हते. तोटी फिरवायला सवर्ण माणूस लागे, आणि शाळेत हे काम फक्त शिपाई करायचा. शिपाई असला तर पाणी. शिपाई सुट्टीवर असला, जागेवर नसला, तर त्या दिवशी पाणी नाही.

ही आठवण मी आधी वाचली होती. कात्रजच्या नळाबद्दल वाचल्यानंतर पुन्हा वाचली तेव्हा ती मला वेगळी दिसली. हौदाच्या काळात अडथळा पाण्यात होता. नळ आल्यावर तो पाण्यातून निघाला आणि तोटीच्या पितळेत जाऊन बसला. धातू बाटतो असंही नाही, पण नियमाला बसायला कुठेतरी जागा हवी होती, ती त्याने शोधली. लोखंडी नळ, इंग्रजी शाळा, सरकारी पगार घेणारा मास्तर हे सगळं नवं. आणि या सगळ्याच्या टोकाला तहानलेलं पोर शिपायाची वाट बघत उभं.

फुल्यांची तोटी कारकुनाची मर्जी संपवण्यासाठी होती. शाळेतल्या तोटीने शिपायाची मर्जी निर्माण केली. वस्तू तीच.

पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. यात जो मुद्दा आहे तो आजही कामाचा आहे. पाणी कुणाचं हे पवित्र-अपवित्रावर ठरणार नाही, पैसा कुणाचा यावर ठरेल. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. तीन वर्षं तिथे कुणी अस्पृश्य पाणी भरायला गेला नाही, कारण कागद आणि काठ यांच्या मध्ये गावकरी उभे होते. २० मार्च १९२७ ला आंबेडकर हजारो लोकांसह गेले आणि पाणी प्यायले. नंतर मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बटण चालू, बटण बंद. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळीला दहा वर्षं लागली.

*

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं, कारण नळाचं पाणी जिथून यायचं तेच वाहून गेलं होतं. तेव्हा लोकांना वाड्यांतल्या विहिरी आणि जुने हौद आठवले. दोनशे वर्षांपूर्वीचा उतार तसाच होता. पंप नव्हता, म्हणून वीज गेल्याने त्याचं काही अडत नव्हतं. पुढे खडकवासला दुरुस्त झालं, नळाला पाणी आलं आणि हौद पुन्हा विसरले गेले. कित्येक ठिकाणी इमारतींचे पाये खणताना नळ फोडला गेला. आंबिल ओढाही आपण असाच अरुंद करत आणला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो ओढा आपल्या जुन्या रुंदीने वाहिला आणि त्यात माणसं गेली. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण कात्रजचं नाव घेऊन तो वगळणं बरं वाटत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली, त्यात पुणं दुसरं होतं. पाण्यासाठी महापालिकेची चोवीस तास पाण्याची योजना आहे, तिचं नाव ‘समान पाणीपुरवठा योजना’. त्यात नवीन टाक्या आहेत, नवीन जलवाहिन्या आहेत आणि घरोघरी मीटर आहेत. मोजून पाणी द्यायचं म्हणजे फुल्यांची तोटीच की! मला मीटरबद्दल तक्रार नाही. मोजल्याशिवाय समान वाटता येत नाही. पण मीटर कनेक्शनला लागतं, आणि कनेक्शन मिळायला कागद लागतात. ज्याच्याकडे घराचा कागद नाही त्याच्यासाठी ‘समान’ हा शब्द अजून सुरूच झालेला नसतो.

हा प्रश्न मुंबईत उघडपणे कोर्टात गेला. महापालिका १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना अधिकृत पाणी देत नव्हती. लोक तिथे राहत होते, शहरात कामं करत होते, पाणीही पीत होते, फक्त ते पाणी टँकरवाल्यांकडून आणि चोरून जोडलेल्या नळातून, कितीतरी महाग घेत होते. पाणी हक्क समितीने याचिका केली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महाडच्या निकालानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच उच्च न्यायालयाला जवळपास त्याच प्रश्नावर पुन्हा बोलावं लागलं. जातीच्या जागी या वेळी तारीख होती. या निकालानंतरही महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ उजाडलं.

कट-ऑफ डेट ही मला तोटीच्या पितळेसारखी वाटते. तारखेत अपमानकारक असं काही नसतं. कुणी कुणाला शिवू नको म्हणत नाही. फॉर्ममध्ये एक रकाना असतो आणि तुमचं उत्तर त्यात बसत नाही. शहरासाठी ॲप बनवणारी, मशीन बनवणारी, डॅशबोर्ड बनवणारी मंडळी बहुतेक आपल्याच वयाची असतात, आपल्यासारखीच मोबाइलवर वाचणारी. त्यातले काही जण हे वाचत असतील. ड्रॉपडाउन मेन्यूत किती पर्याय ठेवायचे हे दुपारी चार वाजता चहा पिताना ठरतं. मी स्वतः तीन वर्षं असल्या कंपनीत काम केलंय. ‘इतर’ हा पर्याय ठेवला की डेटा घाण होतो, असं मी मीटिंगमध्ये म्हटलेलं मला चांगलं आठवतं. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

*

गंज पेठेत फुले वाडा आहे. मी गेलो तेव्हा एका शाळेची सहल आली होती. बाई मुलांना भराभर सांगत होत्या, इथे ते राहायचे, इथे त्यांची समाधी, हा तो हौद. एका मुलाने विचारलं, ‘‘मग आधी ते लोक पाणी कुठून प्यायचे?’’ बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘मिळेल तिथून.’’ मग रांग पुढे सरकली.

आमच्या सोसायटीचं काय झालं तेही सांगतो. मी मीटिंगमध्ये विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या, कंपनीला मेल गेला, कंपनीचं उत्तर आलं की तिसरा प्रकार पुढच्या व्हर्जनमध्ये बघू आणि त्याचा खर्च वेगळा पडेल. दोन महिने तसेच गेले. काका बागेच्या नळावरच भरत राहिले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीने सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर बसून मार्ग काढला. भाडेकरूचा फॉर्म उघडला, काकांचं नाव घातलं, आणि फ्लॅट क्रमांकाच्या रकान्यात तीन शून्यं टाकली. सिस्टीमने काही तक्रार केली नाही. लगोलग दोन्ही शिफ्टचे वॉचमन, सफाईवाल्या मावशी आणि माळीबुवा यांची कार्डं निघाली.

मशीनच्या यादीत आता ते पाचही जण फ्लॅट क्रमांक ००० चे भाडेकरू आहेत.